बाबांनी ऐकलेली गाणी

माझे बाबा गाणी चुकीची म्हणायचे. सगळीच नाही, पण जी त्यांना मनापासून आवडायची ती तर हमखास. आम्ही तेव्हा नागपुरात, सक्करदऱ्याला दोन खोल्यांत राहत होतो आणि बाबा कामठीला पॉवरलूमवर कामाला जायचे. घरून सायकलने निघायचं, ओळखीच्या पानठेल्याजवळ सायकल लावायची आणि पुढे कामठीच्या शेअर ऑटोत बसायचं, असा त्यांचा रोजचा रस्ता. त्या ऑटोवाल्याने मागच्या सीटच्या पाठीशी दोन मोठे स्पीकर बसवले होते. बाकीचे लोक पुढची जागा धरायला धावायचे. बाबा मुद्दाम मागे, स्पीकरला डोकं टेकून बसायचे. त्यांना गाण्याचा शौकच तेवढा आहे, असं आम्ही समजायचो.

ती गाणी सिनेमातली नसायची. तेव्हा कॅसेटवर नवीनच आलेली, गिटार आणि ड्रम असलेली, एकट्या गायकाने म्हटलेली पोरासोरांची गाणी. माझ्या मैत्रिणींचे वडील जुनी, संथ गाणी ऐकायचे. माझ्या वडिलांना ही आवडायची याचा मला लहानपणी केवढा तरी अभिमान होता. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांवर कापसाची लव अडकलेली असायची. मोरीत पाय धुता धुता त्यांचं गाणं सुरू व्हायचं, तेही खड्या आवाजात, इतकं की शेजारची काकू भिंतीपलीकडून म्हणायची, आले वाटते.

त्यातलं एक गाणं फार वर्षं आमच्या घरात राहिलं. त्याची पहिली ओळ बाबा म्हणायचे, 'नहर की लड़की रोती है.' मी दहा-अकरा वर्षांची असेन. मी विचारलं, ती का रडते? बाबांचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांमधून नहर, म्हणजे कालवा, गेलेली. त्यामुळे नहर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ती एकच यायची. ते टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, तिची बकरी पाण्यात वाहून गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तिचा बाप कामाले गेला तो आलाच नाही अजून. तिसऱ्या दिवशी तिला पलीकडच्या काठावरच्या शाळेत जायचं होतं, पण पूल नव्हता. मग आम्ही दोघांनी तिच्यासाठी पूल बांधायला घेतला, म्हणजे बोलण्यातच. लाकडं कुठून आणायची, खिळे किती लागतील, सगळं ठरलं. रविवारी ते मला सायकलच्या दांड्यावर बसवून सक्करदऱ्याच्या तलावावर न्यायचे. हे पाणी तिच्या नहरेत जातं का, असं मी विचारायचे आणि ते विचार करून सांगायचे, थोडंसं जातं.

दुसरंही होतं. 'रावण की छत पर आए हम' असं एक. रावणाच्या गच्चीवर कोण कशाला जाईल हा प्रश्न मला पडायचा नाही. लंकेतलं असेल म्हणून मी सोडून द्यायचे. आणि एक मराठी, त्यात गायक दुखावलेल्या आवाजात म्हणायचा, 'तुझ्या मावशीशी भांडलो मी.' यावर आई कणीक मळता मळता हसायची. तिने कधी दुरुस्त केलं नाही. मला वाटायचं तिलाही ते तसंच माहीत आहे.

ही गाणी मी बाबांकडून शिकले आणि तशीच घेऊन कॉलेजात गेले.

पहिल्याच वर्षी आमच्या वर्गाची सहल निघाली. बसमध्ये गाणी चालली होती. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून, वरच्या दांड्याला धरून, नहरेवरच्या मुलीचं गाणं सुरू केलं. मला ते पूर्ण येत होतं. पहिल्या ओळीलाच पुढच्या सीटवरची मुलगी वळली. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळी बस हसत होती. कुणीतरी सांगितलं, 'शहर की सड़कें सोती हैं' आहे ते. नहर कुठून आणलीस? एका मुलीकडे तर हिंदी-मराठी गाण्यांची ती कॅसेटच होती. आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात गाणी छापलेली. तिने तो कागद माझ्या हातात दिला. मी वाचत गेले. रावण नव्हताच, सावन होता. मावशी नव्हती, सावली होती. 'तुझ्या सावलीशी भांडलो मी.' वाचताना माझे कान तापले होते.

पुढचं वर्षभर मला कॉलेजात 'नहरवाली' म्हणायचे. आज सांगताना ते गोड वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. त्या वर्गात बहुतेक जणींचे वडील ऑफिसात होते, एकीचे डॉक्टर होते. माझे वडील लूमवर जातात हे मी आधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आता मला वाटू लागलं की त्यांना कळलंच आहे. धड गाणंही न कळणाऱ्या माणसाची ही मुलगी, असं.

त्याच वर्षी मामांच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणं आटोपली, दुपारच्या वेळी सगळे मामांच्या गच्चीवर मांडवाखाली बसले. पानं आली. मग कुणीतरी म्हणालं, भाऊजींना म्हणायला लावा. बाबांना नातेवाइकांत गाण्यासाठी बोलवायचेच. ते आढेवेढे घेत नसत. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर उजव्या हाताने ठेका धरला आणि नहरेवरच्या मुलीचं गाणं म्हणायला लागले.

मला काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, थांबा, थांबा, खरं गाणं काय आहे ते मी सांगते. मग मी खरं सांगितलं आणि लगेच बाबांचं करून दाखवलं. तसेच डोळे मिटून, तसाच मांडीवर हात मारत. लोक हसले. लोक हसतात हे बघून मला चेव चढला. मी रावणाची गच्ची काढली. मग मावशीचं गाणं काढलं. माझी सख्खी मावशी समोरच बसली होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊजी, माह्याशी काहून भांडता गा तुम्ही?" त्यावर जो हशा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. नवरदेवाकडचे लोकही हसत होते.

बाबाही हसले. पण सगळ्यांच्या थोडं मागून. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग मामांकडे, आणि सगळे हसताहेत असं दिसल्यावर ते हसले. तो उशीर मला तेव्हाही दिसला होता. मला वाटलं, त्यांना लागलं असेल म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर वेणी घालत होते. बाबा डबा घेऊन निघायच्या तयारीत होते. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काल तू काय म्हणत होती वं? खरं काय आहे ते गाणं?"

मी म्हटलं, "शहर की सड़कें सोती हैं. नहर नाही, शहर."

"नहर."

"शहर, बाबा. श. शहर."

"तेच तं म्हणून राहिलो मी."

"तुम्ही नहर म्हणताय."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मला राग आला. एवढं साधं कळू नये? मुद्दाम करताहेत असंच मला वाटलं. मी पुन्हा आरशाकडे वळले. मग त्यांनी खांद्याला हात लावून मला वळवलं आणि विचारलं, "म्हणजे ती पोरगी नाहीच काय त्यात?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हती."

त्यांनी मान हलवली, डब्याची पिशवी उचलली आणि गेले.

त्यानंतर ते घरात गायले नाहीत. हे माझ्या लक्षात यायला पंधरा-वीस दिवस गेले. मोरीत पाण्याचा आवाज यायचा आणि मग ते टॉवेल घेऊन बाहेर यायचे. आईने एकदा विचारलं, आजकाल गाणं म्हणत नाही काय? ते म्हणाले, वय झालं. ते तेव्हा पंचेचाळिशीतही नव्हते. मला हायसं वाटलं होतं. माझ्या मैत्रिणी आता घरी आल्या तर काही ऐकू जाणार नव्हतं.

घर हळूहळू वेगळं झालं. टीव्हीचा आवाज मोठा असायचा. मी कमी करायचे, ते वाढवायचे, त्यावरून आमची कुरबुर व्हायची. ते काही विचारायचे, मी उत्तर द्यायचे आणि पाच मिनिटांनी ते तेच पुन्हा विचारायचे. मी म्हणायचे, तुमचं लक्षच नसतं. मग त्यांनी विचारणं कमी केलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं, मुलीची सुटी कधी आहे? बाबा म्हणाले, बुटीबोरीकडं आमचं कोणीच नाही. आईने घाईने विषय सावरला. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

लग्न होऊन मी पुण्याला गेले. तोवर आमच्याकडे मोबाइल आला होता. मी दर रविवारी फोन करायचे. आई भरभरून बोलायची. बाबांना दिला की ते म्हणायचे, "हो, हो. बरं. जपून राह्य," आणि फोन पुन्हा आईकडे. दोन वाक्यांच्या वर ते कधी गेले नाहीत. मी माझ्या नवऱ्याला म्हणायचे, माझ्या वडिलांना माझ्याशी बोलायला काहीच नसतं. तो म्हणायचा, त्या पिढीचे पुरुष तसेच. मला ते पटत नव्हतं. याच माणसाने माझ्याशी बोलून पूल बांधला होता.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात एका सकाळी पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, पण बाळ राहिलं नाही. घरी आल्यावर दुपारी मी नागपूरला फोन केला. मला आईशी बोलायचं होतं, पण ती बाहेर गेली होती आणि फोन बाबांनी उचलला. त्यांची त्या दिवशी सुटी होती. मी थांबू शकले नाही. मी रडतच सांगितलं की बाबा, दवाखान्यातून आले, बाळ गेलं.

ते म्हणाले, "बरं झालं, बरं झालं. जपून राह्य."

मी फोन ठेवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला मी सगळं सांगितलं, फक्त बाबा काय म्हणाले ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, बाबांले बोलायचं आहे, देते. मी म्हटलं, नको, मला बरं वाटत नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही मी नको म्हटलं. मग तिने विचारणं सोडलं.

महिनाभराने बाबा पुण्याला आले. न कळवता, एकटे, रात्रभर रेल्वेने प्रवास करून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. आयुष्यात ते त्याआधी इतक्या लांब गेले नव्हते. मी दार उघडलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. दोन दिवस ते आमच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून होते. नवरा ऑफिसला गेला की घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरताना, त्यांच्याकडे पाठ करून, बोलले. खूप बोलले. म्हटलं, तुम्ही असं कसं म्हणू शकलात? एवढं मी काय केलं होतं तुमचं? त्या साखरपुड्याचं तुम्ही अजून मनात धरून बसलात का? मी वळले नाही. माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ते परत गेले. स्टेशनवर त्यांना नवऱ्याने सोडलं.

यानंतर दोन वर्षं मी बाबांशी बोलले नाही. सणावाराला नागपूरला यायचे, वाकून नमस्कार करायचे, जेवायला वाढायचे. बोलले नाही.

मुलगा झाल्यावर कामापुरतं बोलणं सुरू झालं. पुढे माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि आम्ही प्रताप नगरात घर घेतलं. एव्हाना बाबांची शेड बंद पडली होती, मालकाने लूम भंगारात काढले होते. आई-बाबा सक्करदऱ्यालाच होते. माझा मुलगा आता शाळेत जायला लागला होता आणि तो आजोबांच्या मांडीवर बसून हाताने हनुवटी धरून त्यांचं तोंड स्वतःकडे वळवायचा आणि मग बोलायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला ते लाडाचं वाटायचं.

एकदा बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तिथली सिस्टर तोंडाला मास्क लावून सूचना देत होती, वर बघा, डोळा बंद करू नका. बाबा नेमका डोळा बंद करायचे. ती दोनदा चिडली. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, यांचे कान कधी तपासलेत?

कान तपासायची खोली काचेची होती. बाबा आत कानाला यंत्र लावून बसले, मी बाहेर, तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी. आधी तिने बारीक-मोठे आवाज दिले आणि कागदावर खुणा केल्या. मग म्हणाली, आता मी शब्द म्हणते, आजोबा तेच परत म्हणतील. तिने तोंडासमोर एक पुठ्ठा धरला, ओठ दिसू नयेत म्हणून.

ती म्हणाली, साप. बाबा म्हणाले, माप.

ती म्हणाली, शाळा. बाबा म्हणाले, माळा.

ती म्हणाली, फूल. बाबा म्हणाले, मूल.

ते प्रत्येक शब्द अगदी ठाम आवाजात, पाठांतर चांगलं झालेल्या विद्यार्थ्यासारखे म्हणत होते. एकेक शब्द झाला की काचेतून माझ्याकडे बघत होते, बरोबर आलं ना, म्हणून. मी मान हलवत राहिले.

तपासणी झाल्यावर त्या मुलीने विचारलं, आजोबा काय काम करायचे? मी म्हटलं, लूमवर होते. किती वर्षं? चौतीस. तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. डावीकडे बऱ्यापैकी वर असलेली रेघ उजवीकडे एकदम खाली कोसळली होती. ती म्हणाली, लूमवाल्यांचं असंच दिसतं. श, स, फ, ही अक्षरं आधी जातात. लोक बोलताहेत हे कळतं, पण काय बोलताहेत ते कळत नाही, मग माणूस अंदाजाने जुळवून घेतो. हे आजचं नाही, पंचवीस-तीस वर्षांपासून चाललं असेल. बायकांचा आणि मुलांचा बारीक आवाज तर सगळ्यात आधी गेला असणार. आणि फोनवर ओठ दिसत नाहीत, तिथे काहीच नाही. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, नाही.

त्या दिवशी सक्करदऱ्याला गेल्यावर मी आईला विचारलं. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. ती म्हणाली, लूमवरचे सगळेच तसे असतात, त्यात सांगाचं काय. आणि मग म्हणाली, "त्याईनंच मना केलं होतं. पोरीचं लगन व्हायचं आहे, बाप बहिरा आहे म्हणतीन लोक. लगन झाल्यावर म्हणे, आता सांगून काय करतं." त्या साखरपुड्याच्या दिवशीही तिला माहीत होतं. मी तिला म्हटलं, तेव्हा तरी मला ओढून खाली बसवायचं होतंस. ती म्हणाली, तू एवढी खूश दिसत होती.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी बाबांना काही दिवस प्रताप नगरला आणलं. एका दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले आणि सावकाश, एकेक शब्द करून, त्या फोनबद्दल सांगितलं. काय म्हणाले होते ते सांगितलं. ते ओठांकडे बघत सगळं ऐकत होते, म्हणजे बघत होते.

मग म्हणाले, "मले दोनच शब्द समजले होते. बाळ, अन् दवाखाना. म्हटलं, दाखवाले गेली असन. बरं झालं म्हटलं. तुह्या आईनं संध्याकाळी सांगतलं तवा समजलं, मी काय बोललो ते."

मी विचारलं, "मग पुण्याला आलात तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगाले तं आलो होतो. पण तू पाठ करून बोलून राहिली होती. काय बोलते ते समजत नव्हतं. रागात आहे एवढं दिसत होतं." त्यांनी हातातला चष्मा मिटला, उघडला. "म्हटलं, आता काही बोललो अन् पुन्हा चुकीचं निंघालं तं? म्हणून चुप बसलो."

मी त्यांची माफी मागितली. समोर बसले होते म्हणून ती त्यांना कळली. त्यांनी हात हलवून जाऊ दे म्हटलं, जसं दूधवाल्याला आज नको म्हणतात तसं. मला ते जाऊ देता आलं नाही, अजूनही येत नाही. दोन वर्षं मी ज्या बोलण्यावरून त्यांच्याशी अबोला धरला, ते बोलणं त्यांनी माझ्याशी केलंच नव्हतं. आणि गच्चीवर ज्या चुकांना मी सगळ्यांना हसवलं, त्या चुका म्हणजे त्यांचे कान जाताना मला दिसलेली पहिली खूण होती. ती माझ्या हातात आली होती. मी तिची नक्कल केली.

आम्ही कानाचं यंत्र घेतलं. ते शिट्टी वाजवायचं. भांड्यांचा आवाज त्यांना डोक्यात खिळा मारल्यासारखा लागायचा आणि शब्द तसेच गढूळ राहायचे. आतल्या शिराच गेल्या आहेत, डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. एकदा मी मोबाइलवर ते गाणं शोधून काढलं आणि यंत्राजवळ धरलं. त्यांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, नुसता खडखडाट आहे. मी विचारलं, ती नहरेवरची मुलगी आठवते का? त्यांनी बराच वेळ विचार केला. आठवत नव्हती. यंत्र काढून त्यांनी डबीत ठेवलं आणि नातवाला हाक मारली.

त्यांच्यासोबत मला आणखी चार वर्षं मिळाली. मी समोर बसून बोलायला शिकले. पण तोवर त्यांना फार बोलायची सवय उरली नव्हती. मी विचारायचे, ते हो-नाही म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, तीन दिवसांच्या तापाने ते गेले.

तेरवी झाल्यावर कामठीहून चार म्हातारे भेटायला आले. बाबांच्या शेडमधले. चौघेही मोठ्याने बोलत होते आणि चौघेही बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत होते. त्यातले सर्वांत वयस्कर चाचा वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या लूमवर होते. ते सांगत होते की शेडमध्ये कुणाला काही ऐकू यायचं नाही, सगळी बोलणी हातांनी आणि ओठांनी. मग म्हणाले, तुझे बाबा तर दिवसभर गायचे.

मी म्हटलं, त्यांनी गाणं सोडलं होतं, मी कॉलेजात असतानाच.

"छोड़ा कहाँ, बेटा? शेड बंद हुई तब तक गाते थे."

मी विचारलं, काय गायचे?

चाचांनी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वो कैसे बताऊँ. आवाज तो आती नहीं थी. होंठ हिलते दिखते थे बस."

आई आतून चहा घेऊन आली. मी चौघांच्या समोर खाली सतरंजीवर बसले आणि विचारत राहिले. डबा कुणासोबत खायचे, कुणाशी दोस्ती होती, कोणत्या गोष्टीवर हसायचे. ते आठवेल तसं सांगत होते, एकमेकांना दुरुस्त करत होते. एकाने सांगितलं, त्यांना लोणच्यातली मिरची फार आवडायची. मला ते माहीत नव्हतं. हे सगळं मी बाबांनाच विचारू शकले असते, आणि त्यांना कळेल असं कसं विचारायचं ते मला शेवटची चार वर्षं येतही होतं. अंधार पडायला लागला तेव्हा चौघे उठले. शेवटची बस चुकेल म्हणाले. मी त्यांना आणखी थोडं बसा म्हटलं, आणि ते बसले.